विल्यम कॅरी आणि त्यांचे गाव

विल्यम कॅरी यांचे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे बंगालमधील सेरामपूर उभे राहते. हुगळीचा काठ, छापखाना, महाविद्यालयाचे उंच खांब आणि पंडितांसमवेत बसलेला, डोक्यावरचे केस गेलेला एक इंग्रज गृहस्थ. आपल्या मंडळ्यांतून त्यांच्यावर होणारी बहुतेक भाषणे १७९३ सालापासून, म्हणजे ते कलकत्त्याला उतरले तेथून सुरू होतात. त्यापूर्वीची बत्तीस वर्षे एका वाक्यात उरकली जातात : ते जोडे शिवीत असत. परंतु त्या बत्तीसपैकी अठ्ठावीस वर्षे त्यांनी इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातील लहान लहान खेड्यांत काढली होती. सेरामपूरला त्यांनी जे जे उभे केले त्यातील बहुतेकाचा नमुना त्यांनी या खेड्यांतच पाहिला होता, आणि सेरामपूरसाठी जी किंमत मोजावी लागली तीही याच खेड्यांतून वसूल झाली.

त्यांचे जन्मगाव पॉलर्सपरी. रोमन लोकांनी बांधलेला वॉटलिंग स्ट्रीट हा जुना राजमार्ग या गावाजवळून जातो आणि टोस्टर हे बाजाराचे गाव तेथून सुमारे तीन मैलांवर आहे. गावाच्या नावातील ‘परी’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील नासपतीच्या झाडाच्या नावावरून आला, आणि ‘पॉलर्स’ हे पॅव्हेली नावाच्या सरदार घराण्याचे अवशिष्ट चिन्ह होय. संत याकोबाच्या नावाने असलेल्या तेथील प्राचीन चर्चमध्ये चौदाव्या शतकातील पॅव्हेली सरदार व त्याची पत्नी यांच्या लाकडात कोरलेल्या मूर्ती आहेत. इंग्लंडात दगडी मूर्ती गावोगाव आढळतात. लाकडाच्या फार थोड्या टिकल्या आहेत. सर आर्थर थ्रॉकमॉर्टन यांची सतराव्या शतकातील भव्य समाधीही तेथेच आहे. गावचा ऐतिहासिक ठेवा म्हणून आज प्रवाशांना दाखवतात तो हाच. सरदारांच्या या निद्रिस्त मूर्तींजवळ दर रविवारी एका विणकराचा मुलगा येऊन बसत असे.

विल्यमचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी या गावाच्या परी एंड नावाच्या वाडीत झाला. वडील एडमंड व आई एलिझाबेथ हातमागावर लोकरीचे कापड विणीत. पाच भावंडांत विल्यम थोरला. तो सहा वर्षांचा असताना वडिलांना गावच्या शाळेतील शिक्षकाची व चर्चमधील पॅरिश क्लार्कची जागा मिळाली आणि कुटुंब मागाचे घर सोडून शाळेच्या घरात आले. विल्यमचे आजोबाही पूर्वी याच शाळेत शिक्षक होते. पॅरिश क्लार्क म्हणजे उपासनेत पाळकांच्या मागोमाग लोकांच्या वतीने मोठ्याने उत्तरे देणारा, स्तोत्रे सुरू करून देणारा मनुष्य. त्यामुळे शास्त्रवचने रविवारी चर्चमध्ये आणि आठवडाभर घरात, दोन्हीकडे मुलाच्या कानावर पडत राहिली.

आजच्या भाषेत ज्यांना सोयीसुविधा म्हणतात त्या या गावी किती होत्या? चर्च होते, शाळा होती. शाळेच्या घराला बाग होती. कॅनडात शिपाईगिरी करून परतलेला, माळीकाम जाणणारा पीटर नावाचा काका होता. तो दूरदेशींच्या गोष्टी सांगे आणि रोपांची नावेही शिकवी. याखेरीज सांगण्याजोगे फारसे नव्हते. परंतु जे होते ते एका गरीब मुलाच्या हाताला लागेल इतक्या जवळ होते, आणि मला वाटते हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. विणकराच्या मुलाला वाचता येते ही गोष्ट त्या काळी जगाच्या पाठीवर फार थोड्या ठिकाणी शक्य होती.

विल्यमची खोली किडे, पाखरे व वनस्पती यांनी भरलेली असे. धाकटी बहीण मेरी हिला घेऊन तो चिखलाच्या वाटा तुडवी आणि सापडलेल्या गोष्टी तिच्या हाती देई. प्रवासवर्णनांचे त्याला इतके वेड होते की सवंगडी त्याला कोलंबस म्हणून चिडवीत. बाराव्या वर्षाच्या सुमारास एक लहानसे लॅटिन शब्दांचे पुस्तक हाती आले, तेव्हा ते त्याने जवळजवळ सबंध पाठ केले. हे सर्व आपल्याला ठाऊक आहे ते बऱ्याच अंशी मेरीमुळे. पुढे ऐन तारुण्यात तिला पक्षाघात झाला आणि सुमारे पन्नास वर्षे ती अंथरुणाला खिळून राहिली. दीर्घकाळ वाचाही गेली होती. चालत होता तो उजवा हात, आणि त्या हाताने ती पाटीवर लिही. भाऊ हिंदुस्थानात असताना ती त्याच्या कार्यासाठी नित्य प्रार्थना करी. त्यांचा पुतण्या युस्टेस कॅरी याने १८३६ साली जे चरित्र प्रसिद्ध केले त्यासाठी बालपणीच्या आठवणी तिनेच पुरवल्या. मिशनकार्याच्या इतिहासात अशा बहिणींसाठी वेगळे प्रकरण असावयास हवे होते.

शेतावर काम करणे विल्यमला सोसेना. उन्हात गेले की चेहऱ्याची व हातांची कातडी जळून असह्य वेदना होत. ज्या मुलाला इंग्लंडचे सौम्य ऊन सोसवले नाही त्याने पुढे बंगालच्या उन्हात चाळीस वर्षे बागकाम केले, याचा उलगडा वैद्यांनी करावा. वडिलांनी त्याला चौदाव्या वर्षाच्या सुमारास काही मैलांवरच्या पिडिंग्टन गावी क्लार्क निकल्स नावाच्या जोडे बनवणाऱ्याकडे उमेदवारीस ठेवले. रापी, आरी, फरमा आणि मेण लावलेला दोरा हीच आता त्याची शाळा झाली. नॉर्थॅम्प्टनशर हा जोड्यांचा परगणा आहे. नॉर्थॅम्प्टन शहराच्या फुटबॉल संघाला आजही लोक कौतुकाने मोची म्हणतात.

निकल्सच्या दुकानात काही पुस्तके होती, त्यांत नव्या करारावरील एक टीकाग्रंथ होता. त्यात मधूनमधून अपरिचित अक्षरे छापलेली दिसत. विल्यमने ती अक्षरे जशीच्या तशी उतरवून घेतली, आणि घरी गेला तेव्हा पॉलर्सपरीतील टॉम जोन्स या विणकराला दाखवली. हा जोन्स एके काळी चांगला शिकलेला, पण आयुष्यात घसरून मागावर येऊन बसलेला मनुष्य होता. ती अक्षरे ग्रीक आहेत हे त्याने ओळखले आणि मुलाला पहिले धडे दिले. भाषांतराचे काम करणाऱ्या आम्हा लोकांना या प्रसंगाचे विशेष अप्रूप वाटते. ज्याने पुढे आशियातील कित्येक भाषांत देवाचे वचन आणले त्याचा पहिला ग्रीक गुरू गावातला एक अपयशी मनुष्य होता.

याच दुकानात जॉन वॉर हा दुसरा उमेदवार काम करीत असे. तो चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळ्या राहणाऱ्या मंडळींपैकी होता. क्लार्कच्या मुलाला या लोकांविषयी तिरस्कार वाटे, आणि वादात शेवटचा शब्द आपलाच असावा असा त्याचा हट्ट असे. मात्र वाद जिंकूनही मन अस्वस्थ राही. त्या अस्वस्थतेला एका नाण्याने तोंड फोडले. नाताळात गिऱ्हाइकांकडून पोस्त मागण्याची उमेदवारांना मुभा होती. एका व्यापाऱ्याने विल्यमपुढे एक शिलिंग व सहा पेन्स अशी दोन नाणी धरली. त्याने अर्थातच शिलिंग उचलला, आणि तो खोटा निघाला. त्याने तो मालकाच्या पैशांत मिसळून चांगला शिलिंग काढून घेतला आणि मालकाने खोटा दिला असे सांगण्याचे ठरवले; वाटेत देवाशी करारही केला की, एवढे निभावले तर यापुढे खोटे बोलणार नाही. ते निभावले नाही. लबाडी उघडकीस आली, आणि लाजेने तो कित्येक दिवस चर्चलाही जाईना. खेड्यात तोंड लपवायला जागा नसते. आपण पापी आहोत हे त्याला तेव्हा प्रथम कळले. १० फेब्रुवारी १७७९ रोजी, राष्ट्रीय प्रार्थनेच्या दिवशी, तो शेजारच्या हॅकल्टन गावी वॉरच्या मंडळींच्या साध्या सभेत बसला, आणि तेथून त्याची वाट पालटली.

त्याच वर्षी निकल्स वारला आणि विल्यम हॅकल्टनच्या टॉमस ओल्डकडे कामाला गेला. १० जून १७८१ रोजी पिडिंग्टनच्या चर्चमध्ये त्याचा विवाह डॉरथी प्लॅकेट हिच्याशी झाला. तिचे वडील हॅकल्टनच्या सभेतील प्रमुखांपैकी होते. ती वयाने विल्यमहून पाचएक वर्षांनी मोठी होती. नोंदवहीत तिने सहीऐवजी फुली केली, कारण तिला लिहिता येत नव्हते. ज्या खेड्याने मुलाला शाळा दिली त्याच परिसराने मुलीला ती दिली नव्हती. ही फुली लक्षात ठेवावी.

पहिली मुलगी ॲन दोन वर्षांचीही नसताना तापाने गेली. त्याच तापाने विल्यमलाही ग्रासले. डोक्यावरचे केस गेले ते कायमचे. धाकट्या भावाने आपल्या तुटपुंज्या साठ्यातून मदत पाठवली आणि पॉलर्सपरीच्या लोकांनी वर्गणी करून या कुटुंबाला पिडिंग्टनला एक लहानसे घर मिळवून दिले. ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नॉर्थॅम्प्टन येथे नेन नदीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १७८५ साली ते मोल्टन गावी गेले. तेथे त्यांनी शाळा चालवली, जोडे शिवले आणि पुढे तेथील लहानशा बाप्तिस्त मंडळीचे पाळकपण स्वीकारले. भिंतीवर कागद चिकटवून केलेला जगाचा नकाशा आणि कातड्याचे तुकडे शिवून केलेला पृथ्वीचा गोल या गोष्टी मोल्टनच्याच. शिवलेले जोडे पाठीवर घेऊन ते केटरिंगचे व्यापारी टॉमस गॉच यांच्याकडे चालत जात. या तरुणाचा हात जोड्यांवर आणि मन भाषांवर आहे हे गॉच यांनी हेरले, आणि जोडे शिवू नयेत, अभ्यास करावा म्हणून त्यांना आठवड्याला दहा शिलिंग देऊ केले.

पुढचा भाग वाचकांना परिचित आहे. १७८९ साली लेस्टर शहरात पाळकपण, १२ मे १७९२ रोजी प्रसिद्ध झालेली छोटी पुस्तिका, त्याच महिन्याच्या अखेरीस नॉटिंगहॅम येथे यशयाच्या ५४ व्या अध्यायावरील उपदेश, आणि २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंगला एका विधवा बाईच्या घरी बाप्तिस्त मिशनरी संस्थेची स्थापना. त्या दिवशी जमलेली वचनरूपी वर्गणी तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स होती.

जे फारसे सांगितले जात नाही ते असे. हिंदुस्थानला जाण्यास डॉरथीने नकार दिला. पदरी तीन मुलगे होते, चौथे मूल पोटात होते, आणि आपल्या परिसराबाहेरचे जग तिने जवळजवळ पाहिलेच नव्हते. कॅरी थोरल्या फिलिक्सला घेऊन एप्रिल १७९३ मध्ये जहाजावर चढले. डॉरथी पिडिंग्टनला बहिणींजवळ राहिली. तेथे मे महिन्यात जाबेझ जन्मला. परंतु ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्यामुळे कॅरींना जहाजावरून उतरावे लागले. ते सोबती डॉक्टर टॉमस यांच्यासह पुन्हा पिडिंग्टनला आले. डॉरथीने पुन्हा नकार दिला. दोघे निघाले, वाटेतून टॉमस परत फिरले आणि मागे राहिलीस तर जन्मभर पश्चात्ताप होईल असे भय तिला घातले. अखेर धाकटी बहीण किटी सोबत येणार असेल तर येते, असे ती म्हणाली. घरातील सामान घाईघाईने विकले गेले. १३ जून १७९३ रोजी डेन्मार्कचे जहाज निघाले तेव्हा तान्हे मूल महिन्याभराचे होते. ११ नोव्हेंबरला ते बंगालला पोहोचले.

पहिल्या वर्षी घर नाही, पैसा नाही, सर्वांना हगवणीचा आजार. १७९४ साली मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर नोकरी मिळाली, तोच पाच वर्षांचा पीटर वारला. त्याला पुरण्यासाठी खड्डा खणावयास व पेटी उचलावयास माणसे मिळेनात. पिडिंग्टनला असे कोणाच्याही मुलाच्या बाबतीत घडले नसते. तेथे सारा गाव दफनाला आला असता. किटीही लग्न करून दूर गेली. डॉरथीचे मन त्यानंतर ढळत गेले. पतीविषयी तिला भयंकर संशय येऊ लागले आणि कधीकधी तिला खोलीत बंद ठेवावे लागे. शेजारच्या खोलीत तिचा आक्रोश ऐकत कॅरी भाषांतराचे कागद तपाशीत. हे बारा वर्षे चालले. ८ डिसेंबर १८०७ रोजी ती मरण पावली.

जुन्या चरित्रकारांपैकी काहींनी तिला सुवार्तेच्या मार्गातील अडथळा ठरवले. मला हे अन्यायाचे वाटते. कॅरींना पाचारण झाले होते. तिला झाले नव्हते, आणि तिच्या नकाराला नकार म्हणून कोणी मानले नाही. कॅरींनी तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकले नाही, शेवटपर्यंत घरीच सांभाळले, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

१० जानेवारी १८०० रोजी कॅरी डेन्मार्कच्या ताब्यातील सेरामपूरला आले. (आपल्याकडील श्रीरामपूरशी याची गल्लत करू नये.) तेथे त्यांनी सोबत्यांसह जे उभारले त्यात पॉलर्सपरीची खूण ठायी ठायी दिसते. शाळा तर आलीच. १८१८ सालापर्यंत मिशनच्या देशी भाषांतील शाळा शंभरावर गेल्या होत्या, आणि त्याच वर्षी महाविद्यालय निघाले. क्लार्कच्या मुलाने लोकांच्या भाषेत शास्त्रवाचन ऐकले होते. आता तेच इतरांना मिळावे म्हणून बंगाली, ओडिया, असमिया, हिंदी, मराठी व संस्कृत या सहा भाषांत संपूर्ण पवित्र शास्त्र आणि इतर अनेक भाषांत त्याचे भाग सेरामपूरहून निघाले. ११ मार्च १८१२ रोजी छापखाना जळाला तेव्हा कित्येक हस्तलिखिते राख झाली, आणि त्यांनी काम पुन्हा आरंभले.

मराठीपुरते सांगावयाचे तर फोर्ट विल्यम महाविद्यालयात ते मराठीही शिकवीत. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण व मत्तयाचे शुभवर्तमान, १८१० साली मोडी लिपीतील कोश आणि १८११ साली नवा करार प्रसिद्ध झाला. या कामात पंडित वैजनाथ यांचे साह्य मोठे होते. ती मराठी आज वाचली तर अडखळायला होते, आणि खरे पाहता तेव्हाही होत असे. बंगालमध्ये बसून केलेले भाषांतर कोकणातल्या किंवा देशावरच्या मनुष्याच्या कानाला परके वाटले. म्हणूनच मुंबईच्या अमेरिकन मिशनने स्वतंत्रपणे काम करून १८२६ साली वेगळा नवा करार काढला. भाषांतराला गाव लागते. ज्या चावडीवर, ज्या विहिरीवर ती भाषा बोलली जाते तेथे कान देऊन बसल्याशिवाय ती साधत नाही. कॅरींना मराठीचे गाव कधी लाभले नाही. तरीही पहिला फाळ त्यांनी जमिनीत घातला, आणि त्यामागून येणाऱ्या आम्हा सर्वांची तास त्याच शेतात पडली आहे.

त्यांच्या जोड्यांच्या धंद्याची थट्टा झालीच. एडिंबरो रिव्ह्यू या त्रैमासिकात पाद्री सिडनी स्मिथ यांनी या मिशनऱ्यांना मोची म्हणून हिणवले. कलकत्त्याच्या एका मेजवानीत कोणी अधिकारी कॅरींच्या कानी पडेल अशा बेताने विचारता झाला की, हे गृहस्थ पूर्वी जोडे करीत होते ना. त्यावर कॅरींनी शांतपणे दुरुस्ती केली, असे सांगतात : ते जोडे करणारे नव्हते, फाटके जोडे शिवणारे होते.

बागेच्या बाबतीत मात्र ते हळवे होते. सेरामपूरची त्यांची बाग पाच एकरांची होती. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी रिकामी झाल्यावर ती त्यांनी एका सावलीच्या जागी झटकली. काही दिवसांनी तेथे डेझीचे इवलेसे रोप उगवले. इंग्लंडच्या प्रत्येक कुरणात पायदळी जाणारे हे फूल, पण त्यांना झालेला आनंद विलक्षण होता, आणि पुढे ते दरवर्षी बी धरून ते जतन करीत. शाळेच्या घरामागची बाग अशी परत आली. १८२० साली त्यांनी कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन केली. अखेरच्या आजारात त्यांना एकच काळजी लागून राहिली होती की, आपल्यामागे मार्शमन बंधू बागेत गाई सोडतील.

एक्केचाळीस वर्षांत ते इंग्लंडला एकदाही गेले नाहीत. वडील एडमंड १८१६ साली वारले. मुलाची पत्रे त्यांना मिळत, मुलगा पुन्हा दिसला नाही.

पॉलर्सपरीतील ज्या घरात कॅरी जन्मले ते आता उभे नाही. मोल्टनचे घर मात्र राखले असून कातडे भिजवण्याचे कुंड तेथे दाखवतात. मोल्टन व हॅकल्टन येथील बाप्तिस्त चर्चना त्यांचे नाव दिले आहे. ९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथे त्यांचा अंत झाला. आपल्याला दुसरी पत्नी शार्लट हिच्या शेजारी पुरावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. शार्लट विदुषी होती, अनेक भाषा जाणणारी होती, आणि त्या संसारात त्यांना सुख लाभले होते. पिडिंग्टनच्या डॉरथीचे नाव त्या इच्छेत नाही.